खाच

पेटीच्या काचेवर नेहमीचाच थर बसला होता. खोबरेल, हळद, पानाचा रंग, कडेवरच्या पोरांची लाळ आणि या सगळ्याला धरून ठेवणारा घामाचा चिकटपणा. शिल्पानं स्पिरिटचा बोळा फिरवला तसा तो आधी नुसताच पसरला, उन्हात तेलकट रंग दाखवू लागला आणि दुसऱ्या बोळ्याला कुठं निघाला. काळा झालेला बोळा तिनं चिमटीत धरून बादलीत टाकला, आणि त्याच वेळी मागून कुणीतरी खुशीत म्हणालं, “उतरली वो बाई, माजी गरमी.”

वळून पाहिलं तर भामा. गौलीगुड्यात राहणारी, सातव्या महिन्यातली. तिच्या घरातलं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू आणि दखनीत भिजत आलेलं, पण इस्पितळात मराठी समजणारी एक तरी बाई सापडली म्हणून मागच्या खेपेला ती शिल्पाला चिकटूनच बसली होती. त्या खेपेला रक्त तपासून तिच्या चिठ्ठीवर लाल शिक्का पडला होता. लाल शिक्का म्हणजे सिफिलिस. शिक्का पडलेल्या बाईनं आधी या पेटीसमोर बसायचं, काचेवरच्या चित्राला बोट लावायचं, आतला आवाज काय सांगतो ते ऐकायचं आणि मग समोरच्या खोलीत जाऊन पेनिसिलिनची सुई घ्यायची, अशी व्यवस्था होती. बोटानं चालणारा कॉम्प्युटर बाळंतिणीच्या इस्पितळात पहिल्यांदाच आला म्हणून वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता.

“सुई घेतलीस ना त्या दिवशी?” शिल्पानं विचारलं.

“सुई कायकू? पेटीतली बाई बोलली ना, गरमी हाय, इलाज करा. केला. सब्जा भिजवून पिली, ताक पिली, खडीसाखर चोखली. आंबा नक्को, पपई नक्को, अंडं नक्को. लघवीची आग बी गेली.” भामा हसली. “आनि सुई तर गरम असती. गरमीवर गरमी कोन घेईल?”

या वाक्यात शिल्पाला एकही तर्कदोष सापडेना. गृहीतक दिलं होतं, त्यावरून निष्कर्ष काढला होता. आणि गृहीतक देणारा पेटीतला गोड आवाज शिल्पाचाच होता. ‘घबराओ नक्को अम्मा. खून में गरमी की बीमारी है. इलाज करा लेव, बच्चा अच्छा रहता.’ शिल्पाच्या टाळूला स्पिरिटची चव आली. ती म्हणाली, “भामा, ती तसली गरमी नाही. ही बिमारी पोटातल्या बाळाला लागते. सुई आजच घे.”

“तसली न्हाई, तर कसली?”

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. एकीनं पदराखालचं मूल या थानाकडून त्या थानाकडे घेतलं आणि मान पुढे केली. शिल्पानं तोंड उघडलं, आणि तोंडात शब्दच नव्हता. ‘ट्रेपोनेमा पॅलिडम’ होता, या रोगाचा जंतू. मळसूत्रासारखा पिळदार, सूक्ष्मदर्शकाच्या काळ्या पार्श्वभूमीवर चांदीच्या तारेसारखा वळवळणारा. तो तिनं कॉलेजात पाहिला होता आणि तिला तेव्हा तो सुंदर वाटला होता. “तुझ्या नवऱ्याकडून,” एवढं म्हणायचं होतं. ते दातांपर्यंत आलं आणि तिथं एखाद्या केसासारखं अडकलं. भामा वाट बघून म्हणाली, “मालकाला इचारते. त्येंनीच तर सब्जा आनून दिला, लई काळजी त्येंना. बुदवारी येते.” आणि दोन्ही हातांनी पोट सावरत, बस चुकेल म्हणून निघाली. तिचा पाठमोरा झोका बघताना शिल्पाला ते पोट पारदर्शक काचेचं असल्यासारखं वाटलं. आत सब्जाच्या बियांसारखं काहीतरी, काळा ठिपका आणि भोवती बुळबुळीत पापुद्रा, फुगत होतं.  

‘गरमी’ हा शब्द ठरला होता दिलसुखनगरच्या ऑफिसात. खालच्या मजल्यावर एमसेट या प्रवेशपरीक्षेचे क्लास, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे, मधे पेटीच्या प्रकल्पाच्या दोन खोल्या. जिन्यात कायम मिरचीच्या भज्यांचा वास आणि चपलांचा ढीग. प्रकल्पाच्या मॅडम, पुण्याहून आलेला प्रोग्रॅमर हर्षद आणि शिल्पा असे तिघं बसले होते. ‘सिफिलिस’ म्हटलं तर बायकांना कळणार नाही. ‘गुप्तरोग’ म्हटलं तर बस स्टँडमागच्या मुतारीची भिंत आठवते, पिवळ्यावर निळ्या अक्षरांतली, शादी के पहले आणि शादी के बाद. तेलुगूत लोक सुखव्याधी म्हणतात. “सुखाची व्याधी?” हर्षद हसला होता, “कुणाचं सुख?”  मग मॅडम म्हणाल्या, “गरमी बोलो. पुराना लफ्ज है, सब जानते. बुरा भी नहीं लगता.” ते खरंच होतं. जुने मराठी लोकही या रोगाला गरमीच म्हणत. मॅडमनी मग मजकुरातून ‘मरद से लगती’ हे काढलं, कारण ते ऐकून नवरे बायकांना इस्पितळात पाठवणार नाहीत; आणि ‘सुई’ काढली, कारण सुईचं नाव ऐकून बायका पळतात, ते आत नर्स सांगेल. उरलं ते इतकं मऊ होतं की शिल्पाला वाचताना कुठं अडखळावंच लागलं नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवलेल्या खोलीत, पंखा बंद करून, तिनं ते एका दमात म्हटलं. “काय गोड आवाज आहे गं तुझा,” हर्षद म्हणाला होता, “बिस्किटाची जाहिरात वाटते.”

चित्रंही तेव्हाच निवडली. वैद्यकाच्या जाड पुस्तकातून स्कॅन करून हर्षद ती पडद्यावर घेई आणि दहीभात खात खात त्यांचा उजेड कमी-जास्त करी. तळपायांची साल निघालेलं नवजात मूल. बसक्या नाकाचं मूल. मग एका दहा-बारा वर्षांच्या मुलाचे नुसतेच दात: वरचे समोरचे दोन, खाली निमुळते होत गेलेले, दोघांत फट, आणि प्रत्येकाच्या धारेला मधोमध चंद्रकोरीसारखी खाच. “हे ठेवायचं का? हे जरा क्यूट आहे,” हर्षदनं विचारलं होतं, ओठाच्या कोपऱ्याला दह्याचा कण तसाच. ठेव, असं ती म्हणाली. हे आपण कुठंतरी पाहिलंय असं तिला तेव्हा वाटलं होतं. पुस्तकातच, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

चिक्कडपल्लीच्या घरात शिरताच तिनं आधी हात धुतले, मग पुन्हा धुतले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सरोजआत्या बसली होती, हातात पेला, पेल्यात सब्जा. उन्हाळा लागला की आत्या रोज तो पिते. शिल्पा हे जन्मापासून बघत होती. आज तिला पेल्यातल्या त्या फुगलेल्या, डोळ्यांसारख्या बिया वरखाली होताना दिसल्या आणि तिनं मान फिरवली. “उष्णता बरी नव्हे,” आत्या नेहमीच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे; दुसऱ्याचं बोलणं ती अगदी जवळून ओठ बघून ओळखे. “आई प्रत्येक खेपेला प्यायची. पण आमच्या घराला उष्णता फार.” हेही वाक्य जन्मापासूनचं. आजीची आधीची मुलं पोटात राहिली नाहीत, उष्णतेमुळे. मग एक मेलेलंच जन्मलं, उष्णतेमुळे. मग सरोजआत्या झाली ती नाजूक, शाळेत जायच्या वयात एका डोळ्यावर दुधाळ पडदा आला, पुढे कान गेले, लग्न झालं नाही, उष्णता बाधली. मग आजीनं गोदावरीवर काही नवस केला आणि बाबा झाले, धडधाकट. देवघराशेजारच्या भिंतीवर आजोबांची तसबीर होती: निजामाच्या काळातले नावाजलेले वकील, शेरवानी, हातात काठी, कचेरीतून आले की विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल न टाकणारे. त्यांचं सोवळं हा घरातला अभिमानाचा विषय. त्यांच्या दौऱ्यांविषयी मात्र कुणी फारसं बोलत नसे. दौऱ्यावर जात, एवढंच.

“बटण तुटलंय बघ तुझं,” आत्या म्हणाली. कमीजचं गळ्याजवळचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. “काढू नको, अंगावरच लावते.” अंगावरचा कपडा शिवताना तोंडात काडी धरायची, नाहीतर अशुभ, म्हणून आत्यानं तुळशीची एक वाळकी काडी मोडून तिच्या दातांत दिली, सुई ओवली, एका डोळ्यानं अगदी जवळून बघत टाके घातले. मग दोरा तोडायला तिनं तोंड शिल्पाच्या गळ्याशी आणलं. कात्री आत्यानं कधीच वापरली नाही. समोरच्या दातांच्या खाचेत दोरा बरोबर बसायचा आणि एका हिसक्यात तुटायचा. लहानपणी शिल्पाला याचं इतकं कौतुक होतं की आपल्याही दातांना अशी खाच पडावी म्हणून ती दोरे चावत बसायची. दोरा तोडून तोडून पडली, असं घरात सांगत. शिल्पा बारावीत असताना तिनं हे मैत्रिणींना घर्षणाचं उदाहरण म्हणून सांगितलं होतं.

आत्ता ते दात तिच्या हनुवटीखाली होते. खाली निमुळते. मधे फट. दोन चंद्रकोरी. हर्षदच्या पडद्यावरच्या त्या मुलानं कधी दोरा चावला नव्हता. आत्याचा गरम श्वास गळ्याच्या खळगीत लागला, सब्जाचा आणि जुन्या दातांचा वास, आणि शिल्पाच्या अंगावर मानेपासून खालपर्यंत काटा उठला. ती मागे सरली. दोरा न तुटताच ओढला गेला, सुई लोंबू लागली. आत्यानं वर पाहिलं. त्या दुधाळ डोळ्यात काहीच नव्हतं आणि दुसऱ्यात नुसतं आश्चर्य. “टोचली का गं?” तिनं विचारलं. शिल्पानं काडी थुंकली आणि सुईदोऱ्यासकट आत निघून गेली.

न्हाणीघरात तिनं गळा साबणानं घासला. घासतानाच तिला माहीत होतं की हे मूर्खपणाचं आहे. साठीच्या बाईच्या श्वासातून काही लागत नाही. जन्मतः झालेलं ते केव्हाच विझलं आहे, मागे फक्त खुणा राहिल्या आहेत. परीक्षेत तिनं यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं: आधी गर्भपात, मग मृतजन्म, मग व्यंग असलेलं मूल, मग हळूहळू जोर ओसरून निरोगी मूल. क्रमवार. तिनं डोळे मिटले तर क्रम तोच, फक्त त्या रकान्यांत माणसं बसली होती आणि शेवटच्या जागी बाबा. नवसाचे बाबा. आजोबांच्या त्या विहिरीवरच्या अंघोळी, ते वेगळं ताट, आपल्या भांड्याला कुणाचा हात लागू न देणं, आणि ते सगळं सोवळं पाळून झाल्यावर रात्रीच्या अंधारात आजीकडे येणं. आजी तेव्हा सतरा-अठराची. सकाळी उठून सब्जा भिजत घालणारी.  शिल्पाला सगळ्यांत जास्त किळस आली ती आपण आत्यापासून मागे सरलो याची. तसबिरीपासून नाही सरलो. तसबिरीला ती रोज, परीक्षेच्या दिवशी तर खासच, नमस्कार करत आली होती.

जेवताना तिनं विचारलं. बाबा, मुकुंदराव, सचिवालयातून निवृत्तीला आलेले, ताटातली वांग्याची भाजी बाजूला काढत होते. आत्या समोर बसून जेवत होती. तिला ऐकू जायचा प्रश्न नव्हता.

“बाबा, आत्याच्या दातांना खाच कशानं पडली?”

“दोऱ्यानं. तुला ठाऊक नाही का?”

“दुधाचे दात पडून नवे आले, तेव्हाच होती का?”

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत. “मी कुठं होतो तेव्हा.”

“आजी कधी काही बोलली नाही?”

“शिल्पा, बात अशी आहे की जेवताना हे विषय नकोत.”  घास चावून झाल्यावर, भाजीकडेच बघत, ते म्हणाले, “घरात उष्णता म्हणायचे. तूही तेच म्हण. कुणाचं काय बिघडलं त्यानं?” आणि विषय बदलावा तसं, जरा कौतुकानंच, “तुझ्या त्या पेटीत तुम्ही काय म्हणता?”

“गरमी.”

“मग बरोबर आहे की. सभ्य शब्द आहे. तुझ्या मॅडमना समज आहे.”

कुणाचं काय बिघडलं. समोर आत्या भाताचा घास बोटांनी दाबून लहान करत होती, कारण त्या दातांनी तिला नीट तोडता येत नसे. बाबांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची शिल्पाला गरज वाटली नाही. त्यांच्या तोंडून ‘सभ्य’ हा शब्द ज्या सहजपणे निघाला, त्याच सहजपणे तिनं गाद्यांच्या खोलीत ‘गरमी’ म्हटलं होतं. तोच गोडवा. आवाज आनुवंशिक असतो का, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. ताटातलं वरण थंड होऊन त्यावर साय धरली होती. ती चमच्यानं बाजूला केली की खाली पुन्हा धरत होती. बुधवारला मधे एकच दिवस होता. भामा येईल, पुन्हा पेटीसमोर बसेल, आणि पेटी पुन्हा तिला सब्जाच प्यायला सांगेल.

दुसऱ्या दिवशी हर्षद म्हणाला, “आवाजाची फाइल बदलणं काही अवघड नाही, चहा होईपर्यंत होईल. पण मॅडम?”

“मी सांगेन.”

“आधी की नंतर?”

“नंतर.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पंखा बंद केला. खालून क्लासमधल्या पोरांचा सूत्रं घोकण्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत थांबावं लागलं. गाद्यांना कुबट वास होता. शिल्पा म्हणाली, “ये गरमी नहीं है. सब्जा-छाछ से नहीं जाती. ये बीमारी मरद से…” आणि आवाज फाटला. पुन्हा. ‘मरद’ या शब्दाशी जीभ दरवेळी थबकायची, जणू त्याला स्पर्श केला तर काही चिकटेल. चार भिंती, बंद दार, ओळखीचा हर्षद. तरी कानाच्या पाळ्या तापल्या. मग तिनं समोरच्या गादीवरच्या डागाकडे नजर लावली आणि बोलली, गोडवा सोडून, प्रयोगाची नोंद वाचावी तशी: “ये बीमारी मरद से औरत को लगती. औरत से पेट के बच्चे को. सुई से जाती. औरत को सुई, मरद को भी सुई.” हर्षदनं बटण दाबलं. ऐकवलं. पंख्याविना घाम त्याच्या नाकावरून ओघळत होता. “बिस्किटं विकली जाणार नाहीत यानं,” तो म्हणाला, आणि फाइल बदलली.

बुधवारी भामा आली. नवराही आला होता. दाराबाहेर, पायऱ्यांवर, डबा घेऊन बसला होता. किरकोळ, मिशीवाला, कुठल्याही रस्त्यावर दिसावा असा. शिल्पा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला त्याच्यात काहीच घाण दिसेना, याचाच तिला राग आला. भामानं पेटीसमोर बसकण मारली आणि सरावानं चित्राला बोट लावलं. आवाज सुरू झाला. आधी ती मान डोलवत होती. मग मान थांबली. ‘मरद से’ म्हणताना मागच्या बायकांत कुणीतरी खोकलं, कुणीतरी ‘हाय अल्ला’ म्हणालं. भामानं काचेवरचं बोट काढून लुगड्याला पुसलं, आणि पुसतच राहिली.

“हे काय घान बोलती वो पेटी?”

“खरं बोलते.”

“ही बाई निराळी हाय. पयली असलं बोलत नव्हती.”

“ही मीच आहे, भामा. माझाच आवाज.”

भामानं तिच्या तोंडाकडे, ओठांकडे नीट पाहिलं. “मग पयली कोन होती?”

“तीही मीच.”

 भामाच्या चेहऱ्यावर जी किळस आली ती शिल्पानं न्हाणीघराच्या आरशात पाहिलेली होती, गळा घासताना. ही आता उठून निघून जाईल, पुन्हा येणार नाही, असं शिल्पाला वाटलं. मॅडमचं हेच म्हणणं होतं. भामानं पेटीच्या कडेला धरून स्वतःला उचललं.  ती दारापर्यंत गेली, आणि तिथून, कुणाची पर्वा न करता, भाजीवालीला हाक मारावी अशा आवाजात म्हणाली, “ओ. आत या. सुई हाय.”

“कुनाला?” पायरीवरून नवऱ्यानं विचारलं. “तुला गरमी ना? ती तर उतरली की.”

“माजी न्हवती ती,” भामा म्हणाली. “तुमची हाय. तुमची गरमी. डबा ठेवा नि या.”

तो उठला. डबा कुठं ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून तो हातात घेऊनच आला, आणि दोघं सुईच्या खोलीच्या रांगेत उभी राहिली, मधे हातभर अंतर ठेवून. भामानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती आधी आत गेली. पेटी तोवर गप्प होऊन पहिल्या चित्रावर आली होती आणि काचेवर भामाच्या बोटाचा ठसा होता. तो शिल्पानं पुसला नाही. ती एका शब्दापाशी अडकली होती. तुमची. तिच्या घरात उष्णता होती, पिढीभर होती, भिंतींत मुरलेल्या ओलीसारखी होती. पण ती कुणाची, हे त्या घरात एकदाही, एकाही बाईनं म्हटलं नव्हतं. आजीनं नाही. आत्यानं तर नाहीच. आत्याला वाटत होतं, ती उष्णता तिची स्वतःचीच.

संध्याकाळी ती परवाची तीच कमीज घालून आत्यासमोर जाऊन बसली आणि लोंबणारं बटण दाखवलं. सुई अजून तशीच दोऱ्याला अडकवून ठेवली होती. आत्यानं आधी तिच्याकडे जरा शंकेनं पाहिलं, मग तुळशीची काडी मोडून तिच्या दातांत दिली. शिल्पानं काडीआडून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला.

“बोलू नकोस. काडी धरलीस की तुझे ओठ मला वाचता येत नाहीत,” आत्या मोठ्यानं म्हणाली. “आणि टाका राहिलाय अजून.”

सुई आत गेली, बाहेर आली. भिंतीवरून आजोबा बघत होते. आत्यानं दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि तोंड खाली आणलं. श्वास लागला. काटा उठला, तसाच, मानेपासून खालपर्यंत. तो उठणारच होता. शिल्पा हलली नाही. दोरा खाचेत बसला. तुटल्याचा आवाज फक्त तिलाच आला. मग तिनं तोंडातली काडी काढली, आत्याच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा आपल्या ओठांकडे वळवला, आणि ती उष्णता कुणाची होती हे सांगणारा पहिला शब्द सावकाश, नीट दिसेल असा, उच्चारला.